कोंबडीच्या पोटातले विरजण आणि आपले ऊस बिल



ऊस विकास अधिकाऱ्याने कोंबड्यांविषयी लिहावे, हे काहींना वावगे वाटेल. "साहेब, तुम्ही आपली लागण आणि खोडवा बघा, पोल्ट्रीचं आमचं आम्ही बघतो," असे म्हणणारेही भेटतील. त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे नाही. परंतु ऊस नोंदीसाठी गटागटांतून फिरताना आम्हाला जे दिसते, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आज आपल्या कार्यक्षेत्रात उसाच्या बांधाला लागून ब्रॉयलर कोंबड्यांची शेड दिसणार नाही अशी वाडी विरळाच. त्याचे कारण उघड आहे. आडसाली ऊस तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. कोंबडीची बॅच दीड महिन्यात पैसा हातात देते. मुलांची फी, दवाखाना, ठिबकचा हप्ता हे खर्च उसाच्या बिलाची वाट बघत थांबत नाहीत. म्हणून शेड. पण बॅच बसली की हेच गणित उलटे फिरते. खोडव्याच्या खताचा डोस लांबतो, बांधणी राहते आणि पुढच्या हंगामात टनेज घटल्याची तक्रार आमच्याच टेबलावर येते. तेव्हा शेडमधल्या मरतुकीशी शेतकी खात्याचा संबंध नाही, असे आम्हाला म्हणता येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या काही महिन्यांपासून पोल्ट्रीवाल्यांच्या दारात 'प्रोबायोटिक' नावाच्या पावडरी आणि बाटल्या घेऊन माणसे फिरत आहेत. पोटातले चांगले जिवाणू वाढतात, मर थांबते, वजन वाढते, अँटिबायोटिक लागत नाही, असे सांगितले जाते. काही सभासदांनी अर्ज दिला आहे की, ही पावडर आपल्या शेतकी भांडारात उधारीवर मिळावी व तिची रक्कम ऊस बिलातून वजा करावी. त्यावर आमचे मत मागविण्यात आले. ते बंद पाकिटात देण्यापेक्षा येथे उघड मांडतो, कारण पैसा सभासदांचा आहे.

हे जिवाणू म्हणजे काय?

घरच्या विरजणाची गोष्ट प्रत्येकीला ठाऊक आहे. दुधात चमचाभर दही पडले की त्यातले जिवाणू दुधाचा ताबा घेतात, आंबटपणा आणतात आणि दूध नासवणाऱ्या जिवाणूंना वाव उरत नाही. कोंबडीच्या आतड्यातही असाच जागेचा झगडा चालतो.

रानात किंवा परसात कोंबडी अंड्यावर बसते, तेव्हा पिल्लू फुटल्या दिवसापासून आईच्या पायांत वावरते, तिच्या विष्ठेत चोच मारते आणि आईच्या पोटातले जिवाणू उचलते. हॅचरीतल्या पिल्लाला आई दिसतच नाही. ते यंत्रात फुटते, खोक्यात बसते आणि आपल्या शेडवर येते तेव्हा त्याचे आतडे बव्हंशी मोकळे असते. मोकळ्या रानात आधी जे बी पडेल ते उगवते. चांगले पडले तर चांगले, नाही तर हराळी.

ही गोष्ट प्रथम पद्धतशीर दाखवून दिली ती फिनलंड देशातील नुर्मी आणि रँताला या शास्त्रज्ञांनी. तेथे १९७१ साली ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला जिवाणूची मोठी साथ आली होती. या दोघांनी निरोगी, मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य एक दिवसाच्या पिल्लांना पाजले आणि मग त्यांना साल्मोनेला दिला. ज्यांच्या पोटात आधीच चांगल्यांचे ठाणे बसले होते, त्या पिल्लांत रोगजंतूंना पाय रोवता आला नाही. हे काम १९७३ साली प्रसिद्ध झाले.

आजच्या पावडरीत सामान्यतः तीन जातीचे जीव असतात. एक, दह्याच्या कुळातले लॅक्टोबॅसिलस. दोन, मातीत सापडणारे बॅसिलस, जे प्रतिकूल काळात कठीण कवचाचे बीजाणू करून राहतात. तीन, यीस्ट, म्हणजे आपल्या आसवनीत मळी आंबवणाऱ्या जीवाचेच भाऊबंद. यांचे काम तीन प्रकारे चालते. आतड्याच्या भिंतीवरची जागा ते अडवतात. आम्ल आणि इतर द्रव्ये तयार करून क्लॉस्ट्रिडियम, साल्मोनेला, ई-कोलाय अशांची वाढ दाबतात. आणि आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे जे बारीक अंकुर असतात, ते शाबूत राहायला मदत करतात. खाद्य अंगी लागते ते या अंकुरांमुळे. ते झिजले की कोंबडी खाते तेवढेच, पण वजन धरत नाही. न पचलेला अंश खाली जातो, विष्ठा पातळ होते, गादी ओली होते, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो आणि रोग आणखी वाढतो. हे एक चक्र आहे.

म्हणजे प्रोबायोटिक ही थाप नाही. त्यामागे शास्त्र आहे. हे आम्ही आधीच कबूल करतो, कारण पुढे जे लिहिणार आहोत ते वाचून कोणी आम्हाला नव्याचे विरोधक ठरवू नये.

आमच्या घरचा धडा

दुसऱ्याच्या चुका सांगणे सोपे, म्हणून स्वतःची सांगतो. आमचे थोरले बंधू गावी दोन हजार पक्ष्यांची शेड चालवतात. कंपनीशी करार नाही. पिल्ले आणि खाद्य स्वतःचे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अठराव्या दिवशी विष्ठा पातळ झाली, गादीची ढेकळे होऊ लागली. त्यांचा निरोप आला आणि आम्ही रविवारी गावी गेलो. वाटेत दुकानदाराने एक अँटिबायोटिक आणि एक प्रोबायोटिक, दोन्ही दिली. डिप्लोमा पदरी असलेल्या माणसाने डब्यावरचे वाचायला हवे होते. आम्ही मात्र दोन्ही एकाच टाकीत कालवून मोकळे झालो. त्यातून त्याच सकाळी टाकीत टीसीएल पावडर पडलेली.

चार दिवसांनी मर वाढली. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भावजी, एक विचारू का? उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागतं का हो?"

आम्ही म्हटले, "नाही लागत."

"मग त्या टाकीत दुसरं काय केलंत तुम्ही?"

उत्तर देण्यासारखे काही नव्हते. अँटिबायोटिक जिवाणू मारण्यासाठी आणि टीसीएलही जिवाणू मारण्यासाठी. त्या दोघांच्या तावडीत आम्ही पैसे मोजून घेतलेले जिवंत जिवाणू सोडले होते. पिल्लांना पाण्यातून लस देताना आपण टीसीएल बंद ठेवतो, पाण्यात दूध पावडर टाकतो. मग जिवंत जिवाणू देताना ती अक्कल कोठे गेली होती?

पुढे पशुवैद्यांनी मेलेले पक्षी फाडून पाहिले. मूळ रोग रक्ती हगवणीचा, आणि त्याने जखमी झालेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम शिरलेला. रक्ती हगवण जिवाणूंची नव्हेच. ती आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीची. तिला ना आमचे अँटिबायोटिक लागू होते, ना ती पावडर. आणि हे सगळे सुरू कोठून झाले? पत्र्याची एक गळती आणि निपलच्या तीन ठिबकणाऱ्या तोट्या. त्याखालची गादी ओली, आणि ओल्या गादीत आयमेरियाची वाढ. डॉक्टर एवढेच म्हणाले, "औषध बदलण्याआधी तोट्या बदला." दोन हजारांतले एकशे साठ पक्षी गेले. उरलेले वजनात मागे पडले. त्या साली बंधूंच्या खोडव्याला दुसरा डोस मिळाला नाही.

पावडर वाईट होती का? आम्ही सांगू शकत नाही. तिला जिवंतपणी पोटापर्यंत आम्ही पोहोचूच दिले नाही. तरीही वर्षभर गावात हेच बोलले गेले की, "साहेबांची पावडर वाईट."

उसात कळते ते शेडमध्ये का कळू नये?

आपण बेणे प्रक्रिया करतो. बुरशीनाशकाच्या आणि कीटकनाशकाच्या द्रावणातून बेणे काढल्यावर मग ते ॲसेटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात बुडवतो. सगळे एका पिंपात कालवत नाही. जिवाणू खताचे पाकीट उन्हात ठेवत नाही, मुदत संपलेले वापरत नाही, रासायनिक खतात मिसळत नाही. हे सगळे चिटबॉयसुद्धा तोंडपाठ सांगेल. नेमका हाच नियम कोंबडीच्या जिवाणूंना लागू आहे.

म्हणून पाकीट हातात घेताना काही गोष्टी पाहाव्यात. त्यात कोणता जिवाणू आहे, त्याचे पूर्ण नाव आहे का. एका ग्रॅममध्ये जिवंत जिवाणू किती. तयार केल्याची आणि मुदतीची तारीख. कोणत्या तापमानाला ठेवायचे. नुसते 'शक्तिवर्धक मिश्रण' लिहिले असेल तर परत द्यावे. लॅक्टोबॅसिलस उष्णतेला नाजूक. खाद्याच्या कारखान्यात गोळी करताना वाफेचे तापमान ऐंशी अंशांच्या पुढे जाते, त्यात साधा लॅक्टोबॅसिलस टिकत नाही. बॅसिलसचे बीजाणू टिकतात. गोळी खाद्यात घालायचे असेल तर बॅसिलस, पाण्यातून द्यायचे असेल तर टीसीएल नसलेले ताजे पाणी, आणि देण्याची वेळ पहिल्या दिवसापासूनची. अठराव्या दिवशी पोट बिघडल्यावर धावपळ करून काय उपयोग? विरजण दूध नासल्यावर घालत नाहीत.

अनेक जण विचारतात, "मग घरचं ताकच पाजलं तर?" दह्यातले जिवाणू कोंबडीच्या आतड्यात ठाण मांडतीलच असे नाही, आणि ताकाचा अंश निपलच्या नळीत साचून चिकटा धरतो. त्या चिकट्यात नको ते जंतू वाढतात. तेव्हा ताक आपण प्यावे.

अँटिबायोटिकचा हिशेब

या विषयाची खरी निकड मात्र वजनवाढीत नाही. आपल्याकडे अनेक शेडमध्ये रोग नसतानाही 'सेफ्टी म्हणून' अँटिबायोटिक पाजले जाते. जिवाणू त्याला सरावतात. मग खरा रोग येतो तेव्हा औषध लागू पडत नाही, ना कोंबडीला, ना माणसाला. स्वीडनने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणे १९८६ साली बंद केले. संपूर्ण युरोपीय संघात ते १ जानेवारी २००६ पासून बंद झाले. डेन्मार्कच्या ब्रॉयलरवाल्यांनी १९९८ मध्येच ते सोडले. तेव्हा किलोमागे लागणारे खाद्य किंचित वाढले, पण मरतूक वाढली नाही. आपल्या देशात कोलिस्टिन हे औषध, जे माणसाच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात, ते जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या-जनावरांसाठी वापरण्यास मनाई केली.

शिवाय आपला दुहेरी संबंध आहे. कोंबडी खत आपण उसाला घालतो. पक्ष्याने घेतलेल्या औषधाचा काही भाग आणि सरावलेले जिवाणू विष्ठेतून त्या खतात येतात, तेथून शेतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीकडे. त्याच विहिरीचे पाणी आपली मुले पितात. तेव्हा खत कच्चे न घालता नीट कुजवून घालावे, आणि मुळात औषध पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय पाजू नये. विक्रीपूर्वी औषध बंद ठेवण्याचे जे दिवस डब्यावर लिहिलेले असतात, ते पाळावेत. अँटिबायोटिक सोडायचे तर त्याची जागा घ्यायला काहीतरी हवे. प्रोबायोटिकची खरी किंमत येथे आहे. परंतु ते एकटे ही जागा भरू शकत नाही. कोरडी गादी, स्वच्छ पाणी, पहिल्या आठवड्याची ऊब, दोन बॅचमधली पुरेशी सुट्टी आणि चुन्याची सफाई, या पाच गोष्टी आधी. त्या असतील तर पावडरीला अर्थ आहे. जेथे त्या आधीच उत्तम आहेत, तेथे पावडरीने फारसा फरक पडत नाही असेही पुष्कळ चाचण्यांत दिसते. आणि जेथे त्या मुळीच नाहीत, तेथे पावडर बुडणारच.

पैशाचे गणित

दोन हजार पक्षी, प्रत्येकी दोन किलो, म्हणजे चार हजार किलो वजन. किलोमागे १.७० किलो खाद्य लागत होते, ते १.६५ वर आले असे धरू. दोनशे किलो खाद्य वाचले. खाद्य चाळीस रुपये किलो धरले तर आठ हजार रुपये. पावडरीची मात्रा टनाला अर्धा किलो आणि भाव आठशे रुपये धरला तर ६.८ टन खाद्याला सुमारे २,७२० रुपये. म्हणजे खाद्यात निदान ६८ किलोंची बचत झाली तर पावडरीचा खर्च निघतो. कागदावर सौदा चांगला दिसतो.

पण १.७० आणि १.६५ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. तो वजनकाट्यावर दिसतो. "पक्षी यंदा तुकतुकीत दिसतात" हा पुरावा नव्हे. उसाच्या ट्रॉलीचे वजन आपण अंदाजाने मान्य करतो का? काट्यावर दहा किलो कमी भरले तर गेटवर आवाज उठतो, आणि तो उठलाच पाहिजे. तीच चोख नजर येथे हवी.

आणखी एक. जे सभासद कंपनीच्या करारावर पक्षी वाढवतात, त्यांचे पिल्लू, खाद्य, औषध सगळे कंपनीचे. सभासदाला मिळतो तो वाढवण्याचा दर. खाद्याची बचत झाली तर त्यातला मोठा वाटा कोणाच्या खिशात जातो, याचा विचार करावा. शिवाय कंपनीच्या खाद्यात पुष्कळदा असे जिवाणू आधीच घातलेले असतात. ते विचारून, लिहून घेतल्याशिवाय स्वतःच्या पैशाने दुसऱ्यांदा विकत घेणे म्हणजे मिठात मीठ घालणे.

आमचे मत

या सर्वांचा विचार करता आमचे स्पष्ट मत असे की, ही पावडर शेतकी भांडारात आज उधारीवर ठेवू नये व तिची रक्कम ऊस बिलातून वजा करू नये. ऊस बिलातून कपात झाली की माणूस वस्तूचा हिशेब विसरतो. रोखीने घेतली तर दुसऱ्या वेळी तो विचार करतो. ज्या वस्तूचा आपल्या भागातला गुण आपण तपासलेला नाही, तिला कारखान्याच्या नावाचा शिक्का देणे योग्य नाही. हे ऐकून अर्जदार सभासद नाराज होतील, याची आम्हाला जाणीव आहे.

परंतु नुसते नाही म्हणून आमची जबाबदारी संपत नाही. स्वतःचे खाद्य वापरणाऱ्या पाच सभासदांनी पुढे यावे. प्रत्येकाने शेडचे दोन भाग करावेत. एकात पावडर, दुसऱ्यात नाही. पिल्ले एकाच लॉटची, खाद्य एकच, गादी एकच. पावडर नसलेल्या भागात आधी काम उरकावे, मग दुसऱ्यात जावे. चपला दोन्हीकडे वेगळ्या, नाहीतर जिवाणू पायाला लागून पलीकडे जातील. पुढच्या बॅचला भाग अदलाबदल करावेत. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा अशा तीन बॅच घ्याव्यात. पोत्यांची मोजणी आणि विक्रीच्या वेळचे वजन आमच्या शेतकी खात्याचा माणूस समोर उभा राहून लिहील. मेलेले पक्षी फाडून पाहण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाला आम्ही विनंती करू. पावडरीचा खर्च कारखान्याने सोसावा अशी शिफारस आम्ही केली आहे. निकाल बरा निघो वा वाईट, आकड्यांसह याच पानावर छापू. बरा निघाला तर भांडारात पावडर ठेवा म्हणून सर्वांत आधी आम्हीच सही करू.

तोवर प्रत्येक शेडवाल्याने एक शंभरपानी वही घालावी. कोणत्या दिवशी काय पाजले, किती मेले, किती पोती लागली, एवढेच लिहावे. बंधूंच्या शेडवर आता अशी वही खुंटीला टांगलेली असते. वहिनी ती रोज भरतात. पहिल्या पानावर पहिली ओळ आहे, "तोट्या तपासल्या."

पाच नावे कोणत्याही गट कार्यालयात द्यावीत. पाचापेक्षा जास्त आली तर आनंदच आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी